बाळाचं झबलं

लेकीचं पत्र येऊन तीन आठवडे झाले, तरी आबांनी उत्तर लिहिलं नव्हतं. शाळेच्या वाचनालयात उभा जन्म गेलेला माणूस. गावाची पत्रं लिहून द्यायचा. पण स्वतःच्या दोन ओळी लिहायच्या म्हटलं की कागद चुरगाळायचा. लेकीनं एवढंच विचारलं होतं : ‘बाळाला घेऊन महिनाभर येऊ का? मागच्या वेळी गॅसच्या विहिरीच्या वासानं माझं डोकं उठायचं. आता कसं आहे? तुम्ही सांगाल ते खरं धरीन.’

ते शेवटचं वाक्य आबांच्या मानगुटीवर बसलं होतं. हवा चांगली की वाईट हे सांगायला आपण काय डॉक्टर आहोत का?

कंपनीनं जमिनीतला गॅस काढायला खोदलेली ती विहीर तीन शेतं पलीकडे. उंच नळीच्या टोकाला रात्रंदिवस जाळ. पहिली दोन वर्षं सडक्या अंड्यांचा वास यायचा, डोळे चुरचुरायचे. या थंडीत मात्र वास नाहीसा झाला. जाळ तसाच होता, पानांवरची काजळीही तशीच. फक्त वास नव्हता.

“गेला एकदाचा!” शेजारचा लोहार ओट्यावर टेकत म्हणाला. “काहीतरी दुरुस्त केलं असणार त्यांनी. लिहा की पोरीला, ये म्हणून.”

“तुझा खोकला नाही गेला तो?”

“तो भट्टीचा, आबा. तो माझ्याबरोबरच जायचा.”

चुलीवर दूध ठेवता ठेवता आजी आतून ओरडली, “अहो, तुमचं लिहून होईस्तोवर बाळाला मिशा फुटतील!”

आबा हसले. पेन उघडून त्यांनी लिहिलं, ‘वास आता येत नाही. खुशाल ये.’ आज कागद चुरगाळावासा वाटला नाही. लिहिलेलं ऐकायला आजी बाहेर आली, आणि पाळणा कुठं टांगायचा यावर तिचं नि लोहाराचं चांगलंच जुंपलं.

तेवढ्यात टेकडीपलीकडच्या गावचा पोस्टमन सायकलवरून आला. नाकातोंडाला घट्ट फडकं. फाटकातच थांबला.

“काकू, काय जळतंय आत?”

“कुठं काय?”

“अहो, धूर बघा! आणि हा विहिरीचा वास... मला तर वळणावरच मळमळतं. राहता तरी कसे?”

आजी आत धावली. दुधाचा कोळसा झाला होता. दहा पावलांवर तिघं बसली होती, आणि एकालाही पत्ता नव्हता.

लोहारानं करपलेलं पातेलं उचलून त्यात नाक घातलं. पुन्हा घातलं. “नाही येत,” तो म्हणाला. एवढा दांडगा गडी, पण आवाज चिरकला.

आबांनी रॉकेलची बाटली उघडून हुंगली. नुसतं पाणी हुंगावं तसं.

आजीनं उशीखालून बाळाचं झबलं आणलं. लेकीनं ते न धुता, मुद्दाम पत्राबरोबर पाठवलं होतं.

“रोज हुंगते मी,” ती पोस्टमनला म्हणाली. “पंधरा दिवस झाले, वास लागत नाही. मला वाटलं, उडून गेला. तू बघ रे बाबा.”

पोस्टमननं फडकं खाली केलं, झबलं नाकाशी नेलं आणि मान खाली घातली.

“येतोय, काकू. दुधाचा. अगदी ताजा.”

आजी खाली बसली.

आबांनी पहिला कागद फाडला. दुसरा घेतला. आपण काय डॉक्टर आहोत का, हा नेहमीचा प्रश्न आज आडवा आला नाही.

‘पोरी, येऊ नकोस. इथं वास येत नाही, कारण आमची नाकं मेली आहेत. हवा तीच आहे. आईनं पाळण्याची जागा ठरवली होती, हेही तुला कळावं म्हणून लिहितो. तिला मी तिकडे आणतो. झबलं परत पाठवतो. त्याचा वास आम्हाला लागत नाही, तिथंच बाळाला घाल.’

झबल्याची घडी घालून आजीनं स्वतः ती पाकिटात सारली. आबांनी तिकीट चिकटवलं. पोस्टमननं पाकीट पिशवीत टाकलं, फडकं बांधलं आणि जोरात पायडल मारलं.

तो वळणाआड होईपर्यंत अंगणातली तिघं श्वास जपून जपून घेत होती.