जोडीचा मायक्रोस्कोप

ताईच्या गळ्यातली गाठ अर्ध्या थायरॉइड ग्रंथीसकट काढली आणि ती नेमकी आमच्याच खात्यात तपासायला आली. आमचं कामच ते. काढलेल्या गाठींचे पातळ काप मायक्रोस्कोपखाली बघायचे आणि त्यांचं बारसं करायचं. पण घरच्या माणसाची गाठ आपण तपासायची नाही, असा आमचा रिवाज. म्हणून काप गेले आमच्या दोन ज्येष्ठ डॉक्टरांकडे, आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं.

एक खात्याचे प्रमुख, त्यांना आम्ही आजोबा म्हणतो. नातवंडं नाहीत, पण भुवया तशा आहेत. दुसऱ्या मोठ्या बाई. आजोबांच्या वहिवाटीत या गाठीच्या नावात ‘कर्करोग’ होता. बाई म्हणायच्या, जगभरच्या जाणत्यांनी एकत्र बसून नावं एकसारखी केलीत, आणि आपल्या आवरणात गप्प बसणाऱ्या या गाठीच्या नावातून तो शब्द काढून टाकलाय. आजोबा म्हणायचे, नाव बदलून गाढवाचा घोडा होत नाही. बाई म्हणायच्या, मग घोड्याला गाढव म्हणून किती दिवस बडवायचं?

ऐकायला गंमत होती, पण सर्जन नाव वाचून सुरी उचलतो. जुनं नाव गेलं असतं तर ताईची उरलेली अर्धी थायरॉइडही काढली असती आणि जन्मभराच्या गोळ्या गळ्यात पडल्या असत्या. नव्या नावात झालं तेवढं ऑपरेशन पुरे होतं. आणि रिपोर्ट दोघांच्या भांडणात अडकलेला.

मी काप बघू शकत नव्हतो. उचापती करायला मात्र कुठला रिवाज आडवा येत नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी गेलो आणि दोघांच्या मायक्रोस्कोपचे बल्ब काढून खिशात टाकले.

मग चालू काय राहिलं? कोपऱ्यातला जोडीचा मायक्रोस्कोप. त्यात समोरासमोर बसून दोघांना एकाच वेळी एकच काप दिसतो. हे भांडण सुरू झाल्यापासून त्याचा उपयोग बाईंचा स्वेटर टांगायला व्हायचा. मी स्वेटर उचलला, दोन स्टुलं ओढली आणि म्हणालो, बल्ब येईपर्यंत इथंच भागवा. फक्त एक अट. नाव घ्यायचं नाही, दिसतं तेवढंच बोलायचं. जो नाव घेईल त्यानं सगळ्या खात्याला चहा पाजायचा. आजोबा चहा पाजण्यातले नव्हेत, त्यामुळे अट पक्की बसली.

मी पाठ करून उभा राहिलो. कान मात्र तिकडंच.

“पेशींची केंद्रकं फिकट आहेत,” बाई म्हणाल्या.

आजोबांनी मान वर केली. “तुम्हाला दिसतात?”

“आंधळी आहे का मी? चिरासुद्धा आहेत त्यांच्यावर. तुम्ही आवरणाचं बोला. कुठं फुटलंय म्हणता?”

“फुटलंय कोण म्हणतं? मी कधी म्हणालो?”

मी खिडकीकडे बघून ओठ चावले. इतके दिवस बाईंना वाटत होतं आजोबांना आवरण फुटलेलं दिसतंय, आणि आजोबांना वाटत होतं, ज्या फिकट, चिरा पडलेल्या केंद्रकांवरून जुनं नाव पडलं ती बाईंना ओळखताच येत नाहीत. नावावरून एवढे भांडले, पण दिसतंय काय, हे कुणी कुणाला विचारलंच नव्हतं.

“अखंड आहे,” बाई म्हणाल्या.

“दिसतंय तेवढं,” आजोबा म्हणाले. “कडेचा निम्मा भाग अजून कापलेलाच नाही. सगळं आवरण बघितल्याशिवाय तुमचं ते नवं नाव देता येतं का?”

“नाही येत.”

माझं हसू घशातच राहिलं. उरलेल्या भागात एका जागी जरी आवरण फुटलेलं निघालं, तरी नवं नाव संपलं, कर्करोगच ठरणार. उरलेला भाग कापायला गेला, तयार होऊन येईपर्यंत मी एकही खोडी काढली नाही, तर लोक मला तब्येत विचारायला लागले.

पुन्हा दोघं जोडीनं बसले. एकेक काप सरकत होता. शेवटी आजोबा उठले आणि स्वतः रिपोर्ट लिहायला बसले. वर नवं नाव, खाली ‘पूर्वी यास असे म्हणत’ करून जुनं. यापुढं खात्यात सगळ्यांनी असंच लिहायचं, म्हणाले. मग माझ्यापुढं हात पसरला.

“बल्ब.”

मी एक दिला. हात तसाच राहिला. दुसराही दिला. आणि नाव शेवटी त्यांनी घेतलंच, तेव्हा चहाही त्यांनीच पाजला. कप मात्र लहान मागवले.

संध्याकाळी ताईकडे गेलो. तिला सांगितलं, आता काही काढायचं नाही, फक्त अधूनमधून दाखवत राहायचं. तिनं डोळे पुसले, परत पुसले, मग स्वयंपाकघराकडे मान वळवली. आत दाजी भांडी घासत होते. लग्नानंतर पहिल्यांदाच, तेही गाठीच्या धसक्यानं.

“त्यांना रविवारनंतर सांगू या,” ती हळूच म्हणाली. “हात नुकता बसतोय त्यांचा.”

मी पाणी प्यायला आत गेलो. दाजींनी नळ बंद केलेला होता, आणि चेहरा ओला.

“ऐकलं मी,” ते कुजबुजले. “रविवारपर्यंत घासतो. तू काही बोलू नकोस.”

मी फडकं घेतलं आणि ताटं पुसायला लागलो.