जिनगराचं दार

हॅझलफर्डमध्ये पार्लमेंटची निवडणूक आली की एक रीत चुकत नसे. उमेदवाराने प्रत्येक मतदाराच्या दारी जाऊन टोपी काढायची, आणि सोबत आलेल्या त्याच्या घराण्यातल्या वडीलधाऱ्यानेही काढायची. नाही काढली, तर त्या घराचा अपमान झाला असं सारं गाव धरी.

यंदा अर्ल ऑफ वेक्सकम यांचा धाकटा मुलगा लॅन्सलॉट उभा होता. जागा घराण्याचीच होती. आधी काका, मग आत्याचे यजमान तिथूनच पार्लमेंटात गेले होते. निवडून येण्याची त्याला चिंता नव्हती. चिंता होती ती बहिणीची. नऊ वर्षांपूर्वी डॉरोथियाने पेटिफर नावाच्या, घोड्यांची खोगिरं शिवणाऱ्या जिनगराशी लग्न केलं, तेव्हापासून वडिलांनी तिला टाकलं होतं. ती याच गल्लीत राहत होती.

लोहाराचं घर झालं आणि कारभारी क्रॅब थेट पाववाल्याकडे वळले; अर्लसाहेब काठी टेकत मागून येत होते.

"मधलं घर राहिलं," लॅन्सलॉट म्हणाला.

"ते यादीत नाही, धाकटे सरकार. मोठ्या साहेबांनीच काढलंय."

"पेटिफरला मत आहे ना?"

"आहे, पण..."

वडिलांचा शब्द त्याने आजवर कधी मोडला नव्हता. तरी त्याने जाऊन दार वाजवलं आणि टोपी काढली.

पेटिफर दारात आला. "मत हवंय, की बहीण?"

"मत नाही दिलंत तरी चालेल."

"वा! असा उमेदवार पहिलाच पाहतोय."

त्याच्यामागे पिठाच्या हातांनी डॉरोथिया उभी राहिली. तिची नजर भावाला ओलांडून मागे गेली. अर्लसाहेब काठी रोवून उभे होते. टोपी डोक्यावरच.

"लॅन्स, पुढे चल."

"बाबा, रीत आजोबांपासूनची आहे."

तेवढ्यात लोहारीण खिडकीतून म्हणाली, "टोपीला खिळे ठोकलेत की काय म्हाताऱ्याच्या?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. अर्लसाहेबांचा हात सावकाश वर गेला. टोपी निघाली. विरळ पांढरे केस वाऱ्यावर उडाले.

"किती खंगलात हो, बाबा," डॉरोथिया म्हणाली. मग एकदम डाफरली, "आता दारात काय उभे राहता? नातवंडं कधीची डोकावतायत."

"किती आहेत?"

"तीन. धाकटीला आईचं नाव ठेवलंय."

दाराची चौकट बुटकी होती, अर्लसाहेब वाकले आणि आत जाता जाता म्हणाले, "क्रॅब, पाववाल्याला सांगा, आम्हाला उशीर होईल."