मखमली गादीवरचा लॅपटॉप

मित्रांनो, आम्हा लॅपटॉपांना म्हातारपण येत नाही. आम्हाला एके दिवशी 'जुना' म्हणतात आणि कोपऱ्यात सरकवतात. मी तसाच एक जुना लॅपटॉप आहे. राखाडी रंगाचा, जाडसर, उचलायला थोडा जड. देखणा मी कधीच नव्हतो. कौतुक करून घ्यावे म्हणून ही गोष्ट मी सांगत नाही. माझ्यावरून एका मुलीवर आळ आला. तो आळ खोटा आहे, हे त्या घरात फक्त दोघांना ठाऊक आहे. त्यातला एक मी, आणि दुसरा माणूस बोलत नाही.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. टोप्या आणि हातमोजे घातलेल्या बायकांनी माझे एकेक अवयव बसवले. माझ्या पोटाखाली त्यांनी बारीक जाळी ठेवली. त्या जाळीतून मी गार हवा आत घेतो आणि कडेच्या फटीतून गरम हवा बाहेर सोडतो. आत एक छोटा पंखा फिरत असतो. तुम्हाला नाक असते, मला ही जाळी. हे नीट लक्षात ठेवा, कारण माझे सगळे रामायण त्या जाळीपाशीच घडले.

दुकानात मला दोन भावांच्या मधे ठेवले होते. डावीकडे चंदेरी, कागदासारखा पातळ. उजवीकडे काळा, ज्याच्या बटणांखाली लाल दिवे लागत. गिऱ्हाईक यायचे ते त्यांच्यापाशी थांबायचे. एका गृहस्थांनी माझ्याकडे बघून विचारले, "हा काय, कारकून आहे का?" आणि स्वतःच हसले. मी चार महिने ते हसणे ऐकले.

मग एका दुपारी ते तिघे आले. बाप सोफे शिवणारा कारागीर होता, सुया टोचून टोचून त्याच्या बोटांना घट्टे पडलेले. सोबत त्याची तेरा वर्षांची मुलगी. तिला तो 'खारू' म्हणायचा, कारण ती खारीसारखी सगळे उलटसुलट करून बघितल्याशिवाय सोडत नसे. आणि तिचे काका. काकांनी आयुष्यात एकच लॅपटॉप घेतला होता आणि तो पुतणीच्या जन्माआधीच बंद पडला होता. पण सल्ला द्यायला तेवढा अनुभव पुरला.

"हा घ्या," काका लाल दिव्यांकडे बोट दाखवत म्हणाले. "गेमिंगचा आहे. दिवे बघा कसले लागतात!"

"काका, दिव्यांनी निबंध लिहून होतो का?" खारू म्हणाली.

बापाला चंदेरी आवडला. "हातात घेतला तरी कळत नाही गं. हलका आहे एकदम."

"बाबा, याचं झाकण बघा ना." तिने एका बोटाने झाकण उचलले. ते लटपटले.

तिच्या हातात वहीचे एक पान होते. शाळेतल्या संगणकाच्या बाईंनी सांगितलेले तिने त्यावर उतरवून घेतले होते. रॅम आठ जीबी, जमली तर सोळा. एसएसडीच हवी. बॅटरी शाळा सुटेपर्यंत टिकली पाहिजे. बिजागरी घट्ट. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात : पुलांचा गेम चालला पाहिजे.

"कसला गेम?" दुकानातल्या ताईने विचारले.

"पूल बांधायचा. आपण बांधायचा, मग वरून ट्रक सोडायचा. पडला की परत बांधायचा."

"मग एवढ्याला लाल दिवे कशाला? हा आरामात चालवेल." ताईने माझ्या पाठीवर थाप मारली. ती खरे बोलत होती, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन.

खारूने माझ्या बटणांच्या मधोमध दाबून पाहिले. बिजागरी हलवली. मला उताणे करून जाळी बघितली. मग मला वीस मिनिटे चालू ठेवून माझ्या पोटाखाली तळवा धरला.

"लॅपटॉप घेतेस का कलिंगड?" काका म्हणाले.

"गरम होत नाही," ती बापाला म्हणाली. "बाबा, हाच."

मित्रांनो, मला कोणीतरी निवडले होते, तेही पारखून. त्या दिवशी मला जी धन्यता वाटली ती पुढे कधी वाटली नाही.

घर दोन खोल्यांचे होते. बाहेरच्या खोलीत बापाची शिलाई मशीन, कापडाचे तागे आणि भिंतीला टेकवलेले फोमचे पत्रे. आई इस्पितळाच्या धुलाईत कामाला होती. खिडकीजवळच्या टेबलावर मला जागा मिळाली. खारू मला 'जाड्या' म्हणायची. "चल रे जाड्या, भूगोल उरकू." आम्ही भूगोल उरकायचो, निबंध लिहायचो, आणि गृहपाठ झाला की पूल बांधायचो. तिचे पूल सुरुवातीला धडाधड कोसळायचे. मग ती वहीत त्रिकोण काढायची आणि परत बांधायची. तीन महिन्यांत तिच्या पुलांवरून ट्रकांच्या रांगा जाऊ लागल्या. संगणकाच्या बाईंनी ते पाहिले आणि याच गेमवर होणाऱ्या शाळांच्या पूलबांधणी स्पर्धेसाठी जो तिघींचा संघ निवडला, त्यात तिचे नाव घातले. त्या दिवशी ती घराच्या पायऱ्या उड्या मारत चढली. ज्या मुलीला वर्गात कोणी दुसऱ्यांदा हाक मारत नव्हते, तिला आता मैत्रिणी शोधत यायच्या. बापाने सगळे ऐकून मान डोलावली. पण त्याच्या लेखी गेम तो गेमच.

आता माझ्या दैवाचा फेरा ऐका. बापाला माझे फार कौतुक होते. लाकडाच्या टेबलावर मी उघडा पडलेला त्याला बघवत नसे. एका डॉक्टरांच्या सोफ्याचे किरमिजी मखमलीचे कापड उरले होते. तीन संध्याकाळी बसून त्याने माझ्यासाठी गादी शिवली. खाली दोन इंच फोम, कडांना गोट, आणि मी घसरू नये म्हणून चहूबाजूंनी उभे काठ. काय शिवण होती! टाके मोजून घ्यावेत असे. शेजारीपाजारी बघून गेले. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांच्या बसण्यासाठी शिवले होते, मुलीसाठी शिवलेली ही पहिलीच वस्तू. तो लहान मुलासारखा खुशीत होता.

खारूने गादी उलटसुलट करून पाहिली. "बाबा, याच्या खाली जाळी आहे. हवा जायला जागा ठेवू या ना थोडी."

"फोममधून जाते गं हवा. वीस वर्षं फोम हाताळतोय मी. आता तू शिकवणार मला?" तो हसत होता.

ती त्याच्या टोचलेल्या बोटांकडे बघत राहिली. मग तिने मला गादीवर ठेवले. तिच्याकडून काही चुकले असेलच, तर ते एवढेच.

मखमल वरून मऊ लागते. माझ्यासाठी ती नाकावर दाबलेली उशी होती. पंखा हवा ओढायचा आणि हवेऐवजी कापडाची लव आत यायची. लवेमागून फोमचा चुरा. माझे अंग तापू लागले. मित्रांनो, माझ्या आत उष्णता मोजणारा एक बारीकसा तुकडा आहे. निबंध लिहिताना मी जेवढा तापत होतो, तेवढाच पूल बांधताना तापत होतो. नुसता चालू करून ठेवला तरी तापत होतो. पंखा किंचाळायला लागला तेव्हा बाप म्हणाला, "बघ, गेमने कसा धापा टाकतोय तो." मला दोन दोन स्पीकर आहेत. पण त्यांतून दुसऱ्यांचे आवाज निघतात, माझा एक शब्द निघत नाही.

स्पर्धेला आठ दिवस राहिले असताना, भर संध्याकाळी, खारूचा ट्रक पुलाच्या मध्यावर असताना माझे डोळे मिटले. जळका वास सुटला. बाप मशीन सोडून धावत आला.

"झालं समाधान? कानीकपाळी ओरडत होतो, गेम बंद कर म्हणून!"

"बाबा, गादीमुळे तर नसेल झालं? खालून हवाच..."

त्याचा चेहरा पडला, आणि लगेच लाल झाला. "माझ्या हाताला नावं ठेवतेस? लोक लांबून येतात माझ्याकडे काम घेऊन. स्वतः वाट लावायची आणि बापावर ढकलायचं?"

"अहो, आधी दाखवून तरी आणा त्याला," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो मला गादीसकट पिशवीत घालून दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेला. एका जिन्याखालचे छोटेसे दुकान. दुरुस्तीवाल्याने कपाळावरचे भिंग डोळ्यावर ओढले, माझे पोट उघडले, आणि चिमट्याने पंख्यातून किरमिजी लवेचा एक जाड थर ओढून काढला.

"हे बघा. मखमलीची लव. आणि हा फोमचा चुरा." मग त्याची नजर गादीवर गेली. "कुणी शिवली हो ही? कारागीर भारी आहे. पण याचा जीव घेतला त्याने."

बापाने ती आपण शिवली असे सांगितले नाही. त्याने विचारले, "गेम खेळून खेळून नाही का झालं हे?"

"कुठला गेम?"

"पूल बांधायचा."

"छे हो! असले दहा गेम चालवेल हा. श्वास कोंडला याचा, दुसरं काही नाही. पंखा बदलतो. टेबलावर ठेवा, वर्षानुवर्षं काही होणार नाही."

तीन दिवसांत मी ठणठणीत झालो. स्पर्धेला अजून चार दिवस होते. मला घेऊन परतताना बाप एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला. त्याने गादी मांडीवर घेतली आणि शिवणीवरून पुन्हा पुन्हा अंगठा फिरवला. मला वाटले, हा आता घरी जाऊन सांगणार. मी त्याला चांगला माणूस समजत होतो. वाईट तो आजही नाही, आणि मला त्याचाच जास्त राग येतो.

घरी दोघी वाट बघत होत्या.

"झाला का?" खारूने विचारले.

"झाला. गेममुळेच म्हणाला तो. सारखा सारखा गेम खेळला की आतून जळतो म्हणाला."

"आणि गादी?"

"गादीत काही दोष नाही. पण आता राहू दे, टेबलावरच ठेव. उगाच पुन्हा बोल नको."

आईने विचारले, "असं म्हणाला तो?"

"मग मी काय खोटं सांगतोय?"

आईने त्याच्याकडे पाहिले. पुन्हा काही विचारील असे वाटले, पण ती आत गेली आणि भांडी घासायला लागली. त्या घरात कोणी कोणाला दुसऱ्यांदा विचारत नसे.

खारू बापाजवळ गेली. "बाबा, माझं चुकलं. मी उगाच तुमच्या गादीला नावं ठेवली."

आणि मित्रांनो, त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "जाऊ दे गं, खारू. कळलं ना तुला, झालं तर." त्याने तिला माफ केले! मी टेबलावर होतो, माझा नवा पंखा गार हवा ओढत होता, आणि मला पुन्हा जळून जावेसे वाटले.

बापाने तिला गेम काढायला सांगितले नव्हते. तिने तो स्वतःच काढून टाकला. मग तिने बाईंना पत्र लिहायला घेतले. 'आदरणीय बाई, माझ्या निष्काळजीपणामुळे लॅपटॉप बिघडला होता. तो घरात सर्वांच्या कष्टाने आला आहे. मी पुन्हा गेम खेळणार नाही. माझ्या जागी संघात दुसरी मुलगी घ्यावी.' ती एकेक अक्षर दाबत होती आणि मी ते पडद्यावर उमटवत होतो. 'निष्काळजीपणा' हा शब्द तिने दोनदा खोडून बरोबर लिहिला. ज्या मुलीने घेण्याआधी माझ्या पोटाखाली हात धरला, तिच्या नावापुढे तो शब्द मी उमटवला. बापाने पत्र वाचले. "शहाणी आहेस," म्हणाला.

संघ गेला. पाचवा आला म्हणे. खारू त्या दिवशी घरी बसून इतिहासाची टिपणे काढत होती.

त्याला आता सहा वर्षे झाली. दुरुस्तीवाल्याचे म्हणणे खरे ठरले, मी पुन्हा एकदाही तापलो नाही. खारू मला फडक्याने पुसते, दर अर्ध्या तासाने बंद करते, कोणाला हात लावू देत नाही. लोक तिच्या काटेकोरपणाचे कौतुक करतात. मला मात्र तिने बोटे उचलली की ती भीतीने उचलली हे कळते. पुढे काय शिकायचे असे बाईंनी विचारले होते, तेव्हा तिने यंत्रांशी संबंध येईल असे काहीच निवडले नाही. "माझ्या हाताला यंत्र टिकत नाही," ती हसून सांगते.

परवा काकांची धाकटी लेक आली होती, आठ वर्षांची. मला बघून तिचे डोळे चमकले. "ताई, यावर पुलांचा गेम टाकू या?"

"नको गं," खारू म्हणाली. "गेमने लॅपटॉप जळतो. मी एकदा जाळलाय हा, विचार बाबांना."

छोटी खारूच्या बापाकडे वळली. "खरंच, काका?"

बाप मशीनवर वाकलेला होता. मशीन थांबली. मी माझा पंखासुद्धा थांबवला असता, इतका कान देऊन मी ऐकत होतो.

"हो," तो म्हणाला. "खरंय." आणि त्याने पायडल दाबले.

मित्रांनो, आमच्यासारखे जुने लॅपटॉप शेवटी सांगतात, की आम्हाला धुळीपासून जपा, उशीवर ठेवू नका, जाळी मोकळी ठेवा. ते सगळे कराच. पण माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या घरातही कोणीतरी दुसऱ्याची चूक आपली समजून वर्षानुवर्षे खाली मान घालून वावरत असेल, आणि खरे काय ते तुम्हाला माहीत असेल. आज जेवायला बसण्याआधी त्याला सांगा. मला ते सांगता येत नाही. तुम्हाला तोंड आहे.