कुलपातला शालिकराम

मी एक जुना पुतळा आहे, मित्रांनो, पण चौकातला नव्हे. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका नर्सिंग कॉलेजातला सरावाचा पुतळा. अंगाला रबराची कातडी, छातीत स्प्रिंग. बंद पडलेले हृदय चालू करायला छाती कशी दाबायची, ते मुलींनी माझ्यावर शिकायचे असते. जोर बरोबर पडला की छातीतून 'टक्' असा आवाज येतो. त्या आवाजासाठीच मला बनवले आहे.

माझे शालिकराम हे नाव नाहीद मॅडमनी ठेवले. नुसते फळ्यावर चित्र काढून शिकवणे त्यांना पटतच नसे. त्या मला लुंगी नेसवून खाटेवर निजवत, एका मुलीला माझी बायको करत आणि स्वतः पडद्यामागून माझ्या वतीने बोलत. धानोऱ्याच्या पायलने एकदा न बोलताच सुई पुढे केली. लगेच पडद्यामागून ओरडा आला, "बाई, सांगतल्याबिगर काऊन टोचून राह्यली? मी माणूस आहो ना!"

वर्ग खो खो हसला. पायल लाजली, पण पुढच्या वेळी तिने आधी माझा हात धरला. "चुका इथीच करून घ्या, शालिकराम मरत नाई," असे मॅडम म्हणत. काय दिवस होते ते!

मग मॅडम दुसऱ्या कॉलेजात गेल्या आणि छातीचा पाठ राहूनच गेला. वस्तू महागाची म्हणून प्राचार्य भूपेश सरांनी मला प्लास्टिकमध्ये गुंडाळून काचेच्या कपाटात कुलूपबंद केले. दसऱ्याला तेवढे कुलूप निघते. अवजारांबरोबर माझीही पूजा होते. हळदकुंकू, झेंडूचा हार, सगळे प्लास्टिकवरूनच! अरे, पूजा कशाला करता? दाबा ना मला!

शेवटच्या वर्षी पायलची ड्यूटी तलावाकाठच्या एका दवाखान्यात लागली. मासे धरताना बुडालेल्या एका भाऊंना लोकांनी उचलून आणले. पायलने त्यांच्या छातीवर हात ठेवले आणि तिचे हात तिथेच थिजले. तिथल्या नीलाबाई सिस्टरनी तिला बाजूला सारून स्वतः छाती दाबली, म्हणून तो माणूस वाचला.

परत आल्यावर पायल माझ्या कपाटासमोर उभी राहून हे सगळे सांगत रडली आणि तडक शेजारच्या खोलीत सरांकडे गेली.

"सर, चाबी द्या. किती जोर द्याचा तेच माह्या हाताले मालूम नाई. पुढच्या खेपेले नीलाबाई नसन तं?"

"खराब झाला तं इन्स्पेक्शनले काय दाखवू मी?"

संतापाने माझा जीव जळत होता. काचेवर डोके आपटावेसे वाटले, पण माझी मान हलत नाही.

इन्स्पेक्शनला आलेल्या बाईंनी कौतुक केले. "अगदी नव्यासारखा ठेवला आहे! कोणीतरी करून दाखवा बरं." पायल धावलीच. तिने प्लास्टिक फाडले, दोन्ही हात ठेवले आणि होता नव्हता तेवढा जोर लावला. आवाज आला नाही. तिने पुन्हा दाबले. पुन्हा काही नाही. इतक्या पावसाळ्यांच्या ओलीने माझी स्प्रिंग गंजून गेली होती.

"पाह्य, मोडला ना तूनं!" सर ओरडले.

पायल आपल्या हातांकडे बघत राहिली. जोर कमी पडला की जास्त, हे तिला कळेना.

मित्रांनो, तिने नाही मोडले मला. मी न वापरल्याने मोडलो. तुमच्या शाळेच्या कपाटातही माझे कोणी भाईबंद असतील, तर हट्टाने चावी मागा. आम्ही बिघडलो तर दुरुस्त होतो.

सोमवारी पायल पुन्हा त्या तलावाकाठच्या दवाखान्यात ड्यूटीवर जाते आहे. तिच्या हातांना तो 'टक्' अजून ठाऊक नाही.