चार हजार जणांना फरक पडला

"खूप छान माहिती. मला फरक पडला."

व्हिडिओखाली हे वाक्य लिहिताना धाकटीच्या ओठांत चार टाचण्या होत्या आणि पायमशीनवर शाळेच्या गणवेशाची बाही अर्धी जोडून पडली होती. दोऱ्यांच्या डब्याला मोबाईल टेकवून ती दिवसभर व्हिडिओ ऐकायची. गुडघेदुखी, पित्त, केसगळती, जे लागेल ते. माणूस जीव तोडून सांगतोय, दोन शब्द लिहायला आपलं काय जातंय? हा व्हिडिओ डोळ्यांचा होता. काढा घ्या, थेंब फेकून द्या. धाकटीचे डोळे ठणठणीत. सुईत दोरा पहिल्या झटक्यात जायचा.

तरी तिला फरक पडला होता.

*

"थेंब कधी बंद केले?" डॉक्टर बाईंनी विचारलं.

तपासणीच्या खुर्चीत ताई, धाकटीची थोरली बहीण. तिला काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो, नजर कडेकडेनं विझत जाते. थेंब एकही दिवस चुकवायचे नसतात.

"तीन महिने झाले."

"तीन महिने?" धाकटी उसळली. "कोणी सांगितलं तुला असलं?"

"तू."

"मी?"

"मी काही खुळी नाही गं. व्हिडिओतल्या त्या कोटवाल्या बाप्यावर माझा काडीचा विश्वास बसला नव्हता. खाली चार हजार लोकांनी लिहिलं होतं, तेही कुठले कोण. पण त्यात तुझं नाव दिसलं. शेजारी तुझा मशीनवरचा फोटो. डोळ्यांचं दुखणं तू माझ्यापासून लपवलंस म्हणून दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही, आठवतं? मग म्हटलं, आपली धाकटी खोटं कशाला लिहील."

ते दोन दिवस धाकटी उलट ताईवरच रुसली होती.

"गेलेली नजर परत येत नाही," डॉक्टर बाई म्हणाल्या. "डाव्या डोळ्यात फार उरलेलं नाही. उजवा राखू."

"डाव्याची नजर ऑपरेशन करून तरी येईल?" धाकटीनं विचारलं.

"ऑपरेशननंही नाही."

ताईनं विचारलं, "म्हणजे मोबाईल बघायचाच नाही का आता?"

"बघा की. मी घरचा मिक्सर त्यावर बघूनच उघडला. बिघडला असता तर नवा आणला असता." बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "सांगणाऱ्यानं तुमचा डोळा तपासलाय का? काढा तोच विकतोय का? उद्या चुकलं तर तो जाब द्यायला सापडेल का? एवढं विचारा. आणि खालची वाहवा मोजू नका. ज्यांचं बिघडतं ते तिथे लिहायला जात नाहीत. ते इथे येतात, बाहेरच्या बाकावर बसतात."

"पण ही तर माझ्या घरचीच होती," ताई म्हणाली.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि थेंबांची चिठ्ठी परत लिहून दिली.

*

"थेंब बंद करू नका. माझ्या बहिणीची नजर गेली."

धाकटीनं घरी येताच हे लिहिलं. दहा मिनिटांत ते कोणीतरी पुसलं. तिनं परत लिहिलं. परत पुसलं गेलं. तिसऱ्यांदा तिला तिथे लिहिताच येईना. काढ्याची तारीफ मात्र धो धो वाहत होती.

मग निदान स्वतःचं जुनं वाक्य तरी काढावं म्हणून तिनं ते शोधलं. त्याखाली कुणीतरी दोन महिन्यांपूर्वी विचारलं होतं:

"खरंच फरक पडला का? माझ्या आईला काचबिंदू आहे. तुम्ही सांगाल तसं करते."

धाकटीनं ते कधी उघडूनच पाहिलं नव्हतं. आता उत्तर द्यायला गेली तर तेही लिहिता येईना. त्या मुलीच्या नावावर दाबलं. फुलाचा फोटो, बाकी सगळं कुलूपबंद. गाव नाही, फोन नाही. निरोप पाठवायची सोय होती, तिथे तिनं लिहिलं: "नाही. मी खोटं लिहिलं होतं. थेंब चालू ठेवा." निरोप गेला. उघडला गेला नाही.

मशीन तसंच ठेवून ती बसली आणि आजवर जिथे जिथे तिला असा फरक पडला होता तिथली वाक्यं एकेक करून पुसू लागली.

मंडळी, आपण सल्ला देत नाही, नुसतं बरं वाटावं म्हणून लिहितो, असं आपल्याला वाटतं. पण अनोळखी माणसाच्या बोलण्याला आपलं नाव जोडलं, की आपलं माणूस त्यावर भरवसा ठेवतं. जे स्वतः अनुभवलं नाही, ते चांगलं म्हणू नका. आणि घरच्या माणसाचं नाव दिसलं, तरी आधी त्याला फोन करून विचारा.

पुसायची यादी संपली. त्या मुलीनं निरोप अजून उघडलेला नाही.