तिसरं रेकॉर्डिंग

दादानं हेडफोन चढवले तेव्हा स्टुडिओच्या काचेअलीकडे मी यादी पुन्हा वाचत होते. सकाळचे अकरा वाजून चार मिनिटं झाली होती. कार्यक्रम थेट चालला होता आणि माझ्यासमोरच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर खुद्द दादाचंच रेकॉर्डिंग होतं. हे त्याला माहीत नव्हतं.

आमच्या रेडिओवरचा हा कार्यक्रम तसा साधा. एकच रचना, चार वादकांची चार रेकॉर्डिंगं, नावं झाकलेली. पाहुण्यानं ऐकायचं, तुलना करायची, एक निवडायचं. मग निवेदक पाकीट फोडून नावं वाचतो. आज गिटार आणि वाद्यवृंदासाठीचा एक आधुनिक कॉन्चेर्टो होता आणि पाहुणा दादा होता, कारण या रचनेबद्दल त्याच्याइतकं तिखट बोलणारं दुसरं कुणी नाही. मूळ यादीत त्याचं रेकॉर्डिंग नव्हतं. आदल्या दिवशी एका कंपनीनं परवानगी नाकारली आणि निवेदकानं परस्पर ते घुसवलं. "गंमत येईल," तो मला म्हणाला. "स्वतःलाच ओळखतात का बघू." मी इथली ध्वनिसंपादक. मला हे सकाळी कळलं. त्याची गंमत होत होती आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

कारण त्या रेकॉर्डिंगमधला मधला सोलो दादानं वाजवलेलाच नाही.

दुसऱ्या भागाच्या शेवटी सगळा वाद्यवृंद थांबतो आणि गिटार एकटी साडेतीन मिनिटं वाजते. त्यात ट्रेमोलो आहे, म्हणजे अंगठ्यामागून तीन बोटांनी एकच तार इतक्या भरभर छेडायची की सूर तुटता कामा नये. अठरा वर्षांपूर्वी ते रेकॉर्डिंग मीच केलं; ऐन त्या दिवसांत दादाची अनामिका आपोआप आत वळायला लागली होती. डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं, औषध काही दिलं नाही. तो सोलो त्यानं चौदा वेळा वाजवला आणि चौदाही वेळा एकाच जागी अडखळला. मग गिटार खुर्चीत ठेवून, दार आपटून बाहेर गेला.

त्याच वेळी वहिनी त्याचा जेवणाचा डबा घेऊन आली. दोघं एकाच सरांकडे शिकलेली, त्यामुळे लग्नानंतरही त्यांचं अरेतुरेच. तिचा हात त्याच्यापेक्षा मऊ आहे असं सर म्हणायचे. पण लग्नानंतर मैफली त्याच्या वाट्याला आल्या आणि तिच्या वाट्याला आली पुढची खोली, तिथली शिकवणी आणि गिटारीपेक्षा लहान मुलं. मी म्हटलं, "वहिनी, जरा बस तिथे, माइक तपासते." ती बसली आणि तो सोलो सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात वाजवून उठली. टेप चालू होती. टेप कधी बंद करायची नाही ही माझी सवय आहे, आणि तेवढ्याच सवयीनं मी ती वापरलीही.

दादाला सांगितलं, सरावाच्या टेपवर तुझंच एक धड वादन सापडलं, तेच जोडलं. प्रकाशनाची तारीख डोक्यावर आली होती. वहिनी म्हणाली, "असू दे गं, त्याचं नाव राहील." समीक्षकांनी नेमका तोच सोलो डोक्यावर घेतला. दादानं ते रेकॉर्डिंग एकदाच ऐकलं, पुन्हा कधी लावलं नाही आणि दोन वर्षांत मैफली बंद केल्या. "असं पुन्हा जमायचं नाही," एवढंच म्हणाला. आम्ही दोघी मूग गिळून बसलो.

पहिलं रेकॉर्डिंग दादानं चार वाक्यांत निकालात काढलं. "वाद्यवृंद मोठा, गिटार बिचारी दारातच उभी." दुसरं सुरू झालं आणि माझ्या टेबलावरच्या फोनचा दिवा लागला. हा फोन नेहमी स्पीकरवरच असतो, कारण माझे दोन्ही हात कामात असतात. वहिनी होती. सकाळी मीच तिला सगळं सांगून बसले होते.

"सोलो कापलास का?" तिनं विचारलं.

"कापला. सोलो सुरू व्हायच्या दोन सेकंद आधी तुकडा संपतो. फाइल खराब निघाली म्हणून सांगीन."

"परत लाव."

"वहिनी, तो ओळखेल. इथे हजारो लोक ऐकतायत."

"अठरा वर्षं तो स्वतःला नापास समजतोय आणि मी रोज त्याच्यासमोर बसून चहा पितेय. लाव तू."

तिनं फोन ठेवला. मला तिचा भयंकर राग आला. इतकी वर्षं तोंड उघडलं नाही आणि आता मुहूर्त काढला तो माझ्या नोकरीच्या वेळी. पण रागापेक्षा भीती मोठी होती. दादा एकदा बिनसला की वर्ष-वर्ष बोलत नाही, आणि हे त्याला कळल्यावर तो त्या घरात राहील की नाही हे मला सांगता येत नव्हतं. दुसऱ्या रेकॉर्डिंगची दीड मिनिटं उरली होती. तिसऱ्या तुकड्याची शेवटची खूण मी सोलोच्या पार पलीकडे नेऊन ठेवली.

तिसरं सुरू झालं. दादा मान खाली घालून पेन्सिलीनं काहीबाही लिहीत होता. वाद्यवृंद थांबला, सोलो सुरू झाला आणि पेन्सिलही थांबली. साडेतीन मिनिटं त्यानं मान वर केली नाही.

"काय सर, हे कसं वाटलं?" निवेदकाला हसू आवरत नव्हतं.

"सुरुवातीचा वादक घाबरलेला आहे," दादा म्हणाला. "बोटांवर भरवसा नाही, म्हणून तारा ओरबाडतोय. मला नाही आवडला."

"आणि सोलो?"

"सोलो त्यानं वाजवलेला नाही. ही फसवणूक आहे. पुन्हा लावा."

निवेदकाचं हसू मावळलं. त्यानं काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा लावलं.

"हे ऐका," दादा म्हणाला. "आधी बोटाचं मांस लागतंय, मग नख. म्हणजे नखं आखूड कापलेली आहेत. आम्ही मैफलीवाले नखं जिवापाड जपतो. आणि ट्रेमोलोची बोटंही वेगळीच आहेत. हा हात रोज मुलांच्या गिटारींना तारा चढवणारा, त्यांची बोटं धरून..."

तो थांबला.

थेट प्रक्षेपणात सात सेकंद शांतता पडली की यंत्र आपोआप भरतीचं संगीत सोडतं. समोरच्या पट्टीवर आकडा चढायला लागला. दोन, तीन. निवेदक हातवारे करत होता, काहीतरी लाव म्हणून. माझं बोट बटणावर होतं. चार, पाच. मी ते दाबलं नाही.

"माझी निवड हीच," दादा म्हणाला. "पाकीट फोडायची गरज नाही, रेकॉर्डिंग माझं आहे. पण वेष्टनावर एक नाव राहिलंय." मग त्यानं वहिनीचं पूर्ण नाव घेतलं, लग्नाआधी कार्यक्रमपत्रिकांवर छापलं जायचं ते.

निवेदकानं घाईघाईनं चौथं रेकॉर्डिंग लावायची खूण केली. ते सुरू होताच दादा उठला आणि जड दार ढकलून माझ्या खोलीत आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"कुणाकुणाला माहीत होतं?"

"आम्हा दोघींनाच."

"मला वाटायचं, एकदा मला ते आलं होतं आणि मग माझ्या हातून गेलं." तो खुर्चीत बसला. "मी शोधत बसलो गं."

"चुकलं माझं, दादा." त्यानं मला माफ केलं असं नाही, अजूनही केलेलं नाही. त्यानं फोनचं बटण दाबलं आणि घरचा नंबर फिरवला. वहिनीनं लगेच उचलला.

"ट्रेमोलोत अनामिका ऐकू येत नाही," दादा म्हणाला.

"नाहीच आहे. तर्जनी, मधलं, परत तर्जनी. माझी अनामिका तिथे दमायची, म्हणून मी ती सोडूनच दिली."

"सरांनी असं कधी शिकवलं नव्हतं."

"सरांची अनामिका धड होती."

दादानं डोळे मिटले. "म्हणजे मलाही वाजवता आलं असतं. मला का सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस कधी?" वहिनी म्हणाली. "मी पुढच्याच खोलीत होते."

फोन तसाच चालू होता, काचेपलीकडे चौथा वादक सोलोपर्यंत पोचला होता. दादाचा उजवा हात माझ्या टेबलाच्या कडेवर आला. अंगठा, तर्जनी, मधलं, तर्जनी. आधी सावकाश, मग जरा भरभर. अनामिका आत वळून नुसती पडून होती.