वाघोबाला शेंदूर

बाबांना हॉस्पिटलमध्ये दाखल केलं त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या कोरियन हान आंटी बहिणीकडे बुसानला गेल्या. त्यांच्याकडे रंगकाम सुरू होणार होतं, म्हणून त्यांच्या आईच्या आठवणीचं एकुलतं एक जुनं चित्र त्यांनी आमच्या वुडलँड्सच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये टांगलं. पाइनच्या झाडाखाली पांढऱ्या दाढीचा म्हातारा, डोंगराचा देव, आणि त्याला टेकून वाघ.

माझ्या आईचं माहेर जुन्नरकडचं. तिकडे वाघोबाला शेंदूर लावतात. तिने रोज सकाळी तेलात कालवलेला शेंदूर चित्रातल्या दोघांच्या कपाळाला लावला, बाबांसाठी. बाबा सोळाव्या दिवशी गेले. तिने लावणं थांबवलं. मी त्याच हॉलमध्ये जेवत होते, तरी महिनाभर चित्राकडे पाहिलं नाही.

आज हान आंटींचा मेसेज आला, संध्याकाळी चित्र न्यायला येते. बाबांचं आम्ही त्यांना कळवलं नव्हतं. तेव्हा पाहिलं. मी रसायनशास्त्र शिकले, जुन्या चित्रांच्या दुरुस्तीचं काम करते. शेंदूर खरवडून निघाला असता. तेल निघालं नसतं. ते कागदात मुरून पिवळट डाग पडला होता.

"वरून रंग लाव ना, गार्गी. तुझं तेच तर काम," आई म्हणाली.

"वर्षभरात तेल पुन्हा वर येईल."

"वर्षभरात त्या कुठे, आपण कुठे!"

हे खरं होतं. मी सरसात पांढरा रंग कालवला, भिंग लावलं. म्हाताऱ्याच्या कपाळावर आईच्या बोटाचा ठसा होता, रेषा न् रेषा दिसत होती. मी ब्रश धुऊन ठेवला.

हान आंटी आल्यावर डाग मीच दाखवला, आईने शेंदूर लावल्याचं सांगितलं. त्यांनी जवळ जाऊन पाहिलं.

"वाघाला पण?"

"त्यालाच आधी," आई म्हणाली.

"माझ्या आईने हे जाळून नवं काढून घेतलं असतं. खराब झालेलं ठेवायचं नाही म्हणायची." त्यांनी चित्र उतरवून गुंडाळलं, चपला घातल्या. "पण कशासाठी, अरुणा?"

"हे बरे व्हावेत म्हणून."

"मग? झाले ना?"

"नाही."

हान आंटींनी चपला पुन्हा काढल्या आणि सोफ्यावर आईशेजारी बसल्या. शेजारच्यांचा कुकर तीनदा वाजला.

"डाग राहू दे," शेवटी त्या मला म्हणाल्या. "काही लावू नकोस त्याला."

मी बरं म्हटलं आणि त्यांच्यासाठी लिफ्टचं बटण दाबलं.